पाऊण क्विंटलचा पास्ता

इटालियन म्हणावं असं हॉटेल धाडला नाही. बुलढाण्याकडून आलेली एसटी स्टँडवर थांबते, माणसं उतरतात, अर्धा चहा घेतात, गरम भज्यांचा कागद हातात धरून पुन्हा चढतात आणि गाडी संभाजीनगरच्या दिशेने निघून जाते. या सगळ्या उलाढालीत ऑलिव्हचा कुठे संबंध येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचं हे गाव घाटावरचं आहे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराच्या वरच्या अंगाचं. सोयाबीन, कापूस, मका आणि मिरची हा इथला व्यवहार. पलीकडे भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी सगळीकडे ठाऊक आहे. अशा मुलखात जेवण तिखट आहे की नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही. किती तिखट आहे, एवढंच विचारतात.

तरी धाडच्या माणसाला इटालियन जेवण माहीत नाही असं समजू नये. त्याला ते दोन वाटांनी भेटतं. पहिली वाट तालुक्याच्या गावातल्या गाडीवरून जाते. तिथे तयार बेसवर लाल सॉस, त्यावर कांदा आणि ढोबळी मिरची, वर किसलेलं चीज आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर मूठभर शेवही पडते. हा पिझ्झा कागदी प्लेटमध्ये येतो, उभ्याने खाल्ला जातो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. दुसरी वाट पुण्याला जाते. घरातलं पोरगं शिकतं, हिंजवडीत नोकरीला लागतं, पहिल्या दिवाळीला आईला साडी घेतं आणि दुसऱ्या वर्षी आईबापांना पुण्याला बोलावून म्हणतं, "आज बाहेर जेवू. इटालियन खाऊ." या दुसऱ्या वाटेवर जे घडतं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

पण त्याआधी इटालियन माणसांबद्दल. ते या भागात पिझ्झ्याच्या फार आधी येऊन गेलेले आहेत. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी थेट इटलीहून माणसं बोलावली. लोरेन्झो चेक्कोनी हे त्यातले तज्ज्ञ आणि काउंट ओर्सिनी हे त्यांचे सहायक. धाडहून अजिंठा म्हणजे तासा-दीड तासाचा रस्ता. या दोघांनी भिंतीवरून सुटत चाललेला रंग पुन्हा चिकटवला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र चित्रांवर त्यांनी शेलॅकचा जो थर दिला, तो पुढे पिवळा पडत गेला आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची बरीच वर्षं गेली. इटलीचा दुसरा थर या मुलखावर चढला तो थेट चीजचा. तोही गरम असताना सुंदर दिसतो आणि थंड झाल्यावर निघता निघत नाही.

मुंबईत तर इटालियन त्याही आधीपासून होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोर्ट भागात मोंजिनी नावाच्या दोन इटालियन भावांचा केटरिंगचा धंदा होता आणि साहेब लोकांमध्ये त्यांचं नाव होतं. १९५८ मध्ये हा धंदा खोराकीवाला कुटुंबाकडे आला आणि त्यातून आजचं 'मोंजिनीस' उभं राहिलं. वाढदिवसाला 'मोंजिनीस'चा केक कापणाऱ्या आणि त्यावर पोराचं नाव नीट लिहिलंय का हे तपासणाऱ्या लाखो घरांना आपण एका इटालियन आडनावाचा खोका उघडतो आहोत याचा पत्ता नसतो. आपल्याकडे यायचं आणि टिकायचं, तर आपल्यासारखं व्हावं लागतं, हे त्या आडनावाने शंभर वर्षांत सिद्ध केलं. केक, पॅटिस, बिनअंड्याची आवृत्ती आणि गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान. इटली कुठे उरली? पाटीवर.

पुढचा अंक पुण्यात झाला. १९८७ मध्ये रजनीश पुण्याला परतले आणि कोरेगाव पार्कात पुन्हा परदेशी शिष्यांचा राबता सुरू झाला. त्या काळात त्या भागात पाव, कॉफी आणि पास्ता यांना गिऱ्हाईक मिळालं. १९८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली 'लिटल इटली' ही साखळी पूर्ण शाकाहारी आहे. इटलीत एखाद्या गावच्या खानावळीत जाऊन कोणी सांगितलं, की भारतात इटालियन हॉटेलांची अख्खी साखळी मांस-मासे न शिजवता चालते, तर आचारी हातातला झारा खाली ठेवेल. आपल्याकडे मात्र ही अगदी साधी गोष्ट वाटते. १९९६ मध्ये डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरात उतरलं, तेव्हा पनीरला पिझ्झ्यावर जागा द्यावी लागेल हे त्यांनाही लवकरच कळलं. कांदा-लसणाशिवायचा जैन पिझ्झा आला. प्रत्येक खोक्याबरोबर तिखटाच्या आणि ओरेगॅनोच्या पुड्या आल्या. इटालियन जेवण महाराष्ट्रात आलं, असं म्हणतात. खरं पाहता ते जिथे उतरलं तिथेच त्याला निम्मं सामान सोडावं लागलं.

काही ठिकाणी त्याने ते सोडलं नाही. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं 'ट्रॅटोरिया', नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमधलं 'व्हेट्रो', मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर सूना महल या आर्ट डेको इमारतीतलं 'पिझ्झा बाय द बे' ही नावं दक्षिण मुंबईच्या लोकांच्या तोंडी असतात. पुण्यात कोरेगाव पार्क, कॅम्प, बालेवाडी हाय स्ट्रीट इथे लाकडाच्या भट्टीची हॉटेलं आहेत. संभाजीनगरला निराला बाजार आणि सिडकोतलं कॅनॉट इथे संध्याकाळी पिझ्झ्याचा वास असतो. शहराचा मध्यभाग कुठे सुरू होतो हे ओळखायची हल्ली ही एक खूण झाली आहे: जिथे मेनूकार्डावर चित्रं नसतात आणि पदार्थाच्या नावाखाली तिरप्या अक्षरांत दोन ओळींचं वर्णन असतं, तिथे मध्यभाग.

तर धाडचं कुटुंब अशा हॉटेलात बसलं आहे असं समजा. मुलगा, सून, आई, बाबा आणि हौसेने बरोबर आलेले आबा. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. डोक्यावर टोपी आहे आणि ती काढायची की ठेवायची यावर गाडीत चर्चा होऊन ठेवायची असं ठरलेलं आहे. दिवे इतके मंद आहेत, की आईला वाटतं लाइट गेली आणि हे इन्व्हर्टरवर चाललंय.

मेनूकार्ड येतं. मुलगा ते वाचतो, पण मोठ्याने वाचत नाही, कारण ब्रुस्केटा म्हणायचं की ब्रुशेटा यावर त्याच्या ऑफिसातही एकमत नाही. न्योकी हा शब्द तर तो बोटानेच दाखवतो. बाबा उजवीकडचा रकाना वाचतात, त्याला भाषेची अडचण नसते. आई विचारते, "भाकर भेटते का इथं?" आबा काहीच विचारत नाहीत. ते आजूबाजूच्या टेबलांवर काय आलंय ते पाहतात. लग्नात पंगतीला बसल्यावर शेजारच्या पानात काय पडतंय हे पाहण्याची जी सवय असते, तिचा उपयोग इटालियन हॉटेलात जितका होतो तितका कुठेही होत नाही.

वेटर इंग्रजीतून सुरुवात करतो. पहिली दोन मिनिटं सगळे त्याच्याशी अदबीने वागतात. मग आबा विचारतात, "तुम्ही कुठले?" आणि तो भोकरदनकडचा निघतो. हा प्रसंग पुण्याच्या हॉटेलांत नेहमी घडतो, कारण कपाळाला घाम न येऊ देता 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' विचारणारी निम्मी पोरं मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली असतात. आत भट्टीशी उभा असलेला माणूस बहुधा उत्तराखंडचा किंवा नेपाळचा असतो. म्हणजे इटालियन जेवण नेपाळी माणूस शिजवतो, भोकरदनचा माणूस वाढतो आणि धाडचा माणूस खातो. इटलीइतका गाढ विश्वास दुसऱ्या कोणत्याही देशाने आपल्यावर टाकलेला नाही.

गाव कळल्यावर टेबलाचा नूर पालटतो. वेटर कार्ड मिटून सांगतो, "आबा, हे पांढरं घेऊ नका, तुम्हाला गोडगोड वाटंल. लालवालं घ्या, अर्राबियाता. त्याच्यात मिरची असते." आबा विचारतात, "किती?" वेटर खरं बोलतो, "आपल्या हिशोबानं नसल्यात जमा."

पहिल्यांदा पाव येतो. त्याबरोबर बशीत ऑलिव्हचं कच्चं तेल. मुलगा समजावून सांगायला लागतो, पण आबांना काही समजावून सांगायची गरज नसते. कच्चं तेल अन्नावर घेऊन खाणं हा वऱ्हाडात जन्मापासूनचा शिरस्ता आहे. भाकरी, त्यावर तिखट-मीठ आणि वरून जवसाच्या किंवा करडईच्या तेलाची धार, एवढ्यावर शेतातली दुपार निघते. आबा तेलाची बशी पुढे ओढतात, चिली फ्लेक्सची पूर्ण पुडी त्यात रिकामी करतात, मीठ घालतात, बोटाने कालवतात आणि पाव मोडून त्यात बुडवतात. "हे बरं आहे," ते म्हणतात. पाच मिनिटांत टेबलावरचे सगळे तेच खात असतात. शेजारच्या टेबलावरची एक बाई वेटरला विचारते, की ते डिप मेनूत कुठे आहे.

मग पास्ता येतो आणि पहिला वाद होतो. पास्ता दाताखाली किंचित लागला पाहिजे, ही इटलीची अट. घाटावर दाताखाली लागणाऱ्या वस्तूला एकच नाव आहे, कच्चं. आई एक तुकडा खाऊन वेटरला हाक मारते, "बाबू, हे शिजलं काहून नाही?" मुलगा टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावतो. वेटर मात्र मुळीच गोंधळत नाही. तो बशी उचलून आत नेतो आणि ती पाच मिनिटांनी मऊ होऊन येते. इटालियन आचाऱ्याच्या दृष्टीने या पाच मिनिटांत पास्त्याचा खून झालेला असतो. आईच्या दृष्टीने तेवढ्यात त्याचं अन्न झालेलं असतं.

काट्याचमच्याचा वाद होतच नाही, कारण आबा हाताने खायला लागतात आणि विषय संपतो. सून इकडेतिकडे पाहते. तिने निश्चिंत राहावं. एकोणिसाव्या शतकातल्या नेपल्सची चित्रं आणि फोटो उपलब्ध आहेत. त्यांत रस्त्याकडेच्या गाड्यासमोर उभी असलेली माणसं लांबलचक मॅकरोनी हाताने वर धरून, मान मागे टाकून तोंडात सोडताना दिसतात. प्रवाशांना ते दृश्य इतकं आवडायचं, की त्याची पोस्टकार्डं निघाली. तेव्हा त्या टेबलावर जुन्या नेपल्सच्या पद्धतीने जेवणारा माणूस एकच होता आणि त्याच्या डोक्यावर टोपी होती.

पिझ्झ्याची गोष्ट याहून सोपी. नेपल्समधल्या पिझ्झावाल्यांनी १९८४ मध्ये संघटना काढून अस्सल पिझ्झ्याचे नियम ठरवले. लाकडाची भट्टी, पीठ हातानेच थापायचं आणि भट्टी इतकी तापलेली, की साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा तयार. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे सगळं मुलगा मोबाइलवरून वाचून दाखवतो. बाबा ऐकून घेतात आणि पिझ्झ्याच्या कडेवरचे काळे डाग बोटाने दाखवून म्हणतात, "करपलं ना पण." ते करपणंच मोलाचं असतं, हे पटायला त्यांना अडचण येऊ नये, कारण गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्याची राख झटकून ते जन्मभर जेवले आहेत. पण रोडग्याच्या पंगतीत ताटाला साडेसहाशे रुपये पडत नाहीत आणि वांग्याची भाजी मागाल तितकी मिळते.

रिसोट्टो कोणी मागवला हे शेवटपर्यंत कळत नाही. तो येतो, सगळे पाहतात. आसट, पांढरा, मऊ भात. "कोणाले ताप आहे?" आबा विचारतात.

खरी गंमत यापुढे आहे. टेबलावर आलेल्या बशीतला एक पास्ता आई हातात घेऊन निरखून पाहते. लांब, पोकळ, पिळा दिलेला. ती काही बोलायच्या आधी तिच्या बोटांना तो ओळखू येतो. ते सरगुंडं आहे.

उन्हाळ्यात वऱ्हाडात घरोघरी सरगुंडे होतात. गव्हाची कणीक घट्ट मळायची, चांगली तिंबायची, मुरू द्यायची. मग तिची बारीक लांब वळी करायची आणि तेलाचा हात लावलेल्या गुळगुळीत काडीवर पिळा देत गुंडाळत जायची. शेजारी-शेजारी, एकावर एक चढू न देता. काडी तळहाताखाली एकदा अलगद फिरवली की कडा मिळून येतात. मग काडी उभी धरून हलक्या हाताने सरगुंडं खाली सोडायचं. घाई केली तर ते चपटं होतं, तेल कमी पडलं तर काडीलाच चिकटतं आणि कणीक सैल असेल तर वाळताना पीळ सुटतो. खाटेवर पसरलेल्या धुतलेल्या लुगड्यावर ते खडखडीत वाळतात. जेवायच्या वेळी उकळत्या पाण्यात टाकायचे, निथळायचे आणि आमरसाबरोबर ताटात घ्यायचे. दुपारच्या वेळी चार बाया बसल्या म्हणजे हात चालू राहतात, तोंडं चालू राहतात आणि दिवेलागणीपर्यंत खाट भरते.

सिसिली बेटावरच्या त्रापानी भागात बुसियाते नावाचा पास्ता असाच होतो. तिथल्या बाया कणकेची वळी पूर्वी गवताच्या ताठ काडीवर गुंडाळायच्या. दक्षिण इटलीत कालाब्रियाकडे काडीऐवजी लोखंडाची बारीक सळई असते. पिळा तोच, सोडवायची युक्ती तीच. बारी या शहराच्या जुन्या भागात बाया दारात टेबल मांडून अंगठ्याने कणकेच्या वाट्या दाबतात आणि चाळणीवर वाळत घालतात. आपल्याकडच्या नखुल्या त्या पाहून ओळख देतील. लग्नाच्या रुखवतात नखुल्या, मालत्या, गव्हले, बोटवे, फेण्या अशी वळवटं मांडायची पद्धत आहे. तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले वळणारी आजी आणि ओर्झो नावाचा तांदळासारखा पास्ता विकणारा कारखाना एकाच आकाराच्या मागे आहेत. फरक इतकाच, की कारखान्याच्या पाकिटावर शिजवण्याची मिनिटं छापलेली असतात आणि आजीला विचारलं तर ती म्हणते, "झाले की समजते."

गहूदेखील परका नाही. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता फक्त ड्युरम गव्हाच्या रव्याचा करायचा असं बंधन घातलं. हा ड्युरम आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो आणि शेवयांसाठी, रव्यासाठी जुनी माणसं तोच मागतात. तिकडे फारो म्हणून मिरवणारा गहू आणि आपला खपली हे एकाच जातकुळीतले. टोमॅटो आणि मिरची तर दोघांनाही एकाच घरून आली, अमेरिकेतून. त्या घराचं दार ठोठावणारा कोलंबस जेनोआचा, म्हणजे इटलीचाच. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारतात पोचली. तिचं इटलीने थोडं केलं आणि घाटाने अख्खा संसार केला. एवढ्या नातेसंबंधानंतर खरं तर आबांना अर्राबियातावर सवलत मिळायला हवी होती.

यादी आणखी लांबते. हरभरे घालून केलेला पातळ पास्ता ही इटलीतल्या गरिबाघरची जुनी सोय आहे. आपल्याकडे वरणात कणकेचे तुकडे शिजवून वरणफळं होतात, पोळ्या लाटायचा कंटाळा आला की होतात, आणि वर तूप पडलं की कोणी पोळीची आठवण काढत नाही. उत्तर इटलीतला पोलेंटा म्हणजे मक्याची भरड शिजवून केलेला घाटा. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या खाऊन वाढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. त्याला किमतीचं नवल वाटतं.

किमतीकडे यायलाच हवं, कारण बिल आलेलं आहे. दोन पिझ्झे तेराशे, दोन पास्ते साडेअकराशे, रिसोट्टो पाचशे साठ, तिरामिसू तीनशे साठ, पाण्याच्या दोन बाटल्या दीडशे. बेरीज ३,५२०. त्यावर पाच टक्के जीएसटी १७६. एकूण ३,६९६ रुपये. शहरातल्या मध्यम इटालियन हॉटेलात पाच माणसांचं हे बिल वाजवी धरलं जातं.

मुलगा फोन पुढे करून पैसे देतो. बाबा मात्र मनातल्या मनात दुसऱ्या चलनात हिशेब करतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने हे जेवण साडेपंचाहत्तर किलो सोयाबीनचं झालं, म्हणजे पाऊण क्विंटलचं. त्या हंगामात बाजारात हमीभाव क्वचितच दिसला. चार हजारांनी माल गेला असेल, तर हेच जेवण ब्याण्णव किलोंवर पडतं. बाबा एवढंच म्हणतात, "दीड पोतं गेलं." सुनेला वाटतं ते पिझ्झ्याबद्दल बोलताहेत.

यावर नेहमीचं एक उत्तर असतं, की हे सगळं आपल्या घरी होतं, मग लोक कशाला पैसे टाकायला जातात. हे उत्तर अर्धंच आहे. साडेपाचशेच्या पास्त्यात गव्हाचा भाग थोडा असतो. बाकी भाडं, वीज, भोकरदनच्या पोराचा पगार, नेपाळी आचाऱ्याचा पगार आणि मंद ठेवलेले दिवे. हॉटेलवाला लुबाडतो असं नाही. तो सगळ्याची किंमत लावतो. आपल्याकडे मोडतं ते नेमकं इथे. बचतगटाच्या प्रदर्शनात सरगुंड्यांच्या पाकिटावर जो भाव असतो, त्यात गहू धरलेला असतो, तेल धरलेलं असतं, पाकीटही धरलेलं असतं. चार बायांची दुपार कोणी धरत नाही. शिवाय गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करतं आणि तेच गिऱ्हाईक संध्याकाळी पास्त्याच्या बिलावर वेटरला टीप ठेवतं.

बाहेरच्या पदार्थाने गावात घर केल्याचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगावच्या रेल्वे स्टेशनवर कचोरी विकायला घेतली आणि आज शेगाव म्हटलं की गजानन महाराजांच्या दर्शनापाठोपाठ कचोरीचं नाव येतं. तिला कोणी पंजाबी म्हणत नाही. हीच वाट उलट्या दिशेनेही चालता येईल. पुण्यातल्या एखाद्या इटालियन हॉटेलाने उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी मेनूत सरगुंडे आणि आमरस ठेवून पाहावेत. खाली तिरप्या अक्षरांत वर्णन लिहावं, हाताने काडीवर वळलेला, उन्हात वाळवलेला पास्ता, केशरी फळाच्या गरासोबत. चारशे रुपये लावावेत. खपतील. आणि ते बुलढाणा जिल्ह्यातल्या बायांकडून पास्त्याच्या भावाने विकत घ्यावेत, प्रदर्शनाच्या भावाने नको.

तोपर्यंत आईबापांना इटालियन हॉटेलात नेणाऱ्या पोरांसाठी काही सूचना. दुपारी न्यावं, रात्री ट्रॅव्हल्स पकडायची असते आणि चीज प्रवासाला चांगलं नाही. वेटरचं गाव पहिल्या मिनिटाला विचारून घ्यावं. "नीट शिजवा" हे मागवतानाच सांगावं. रिसोट्टो मागवू नये. पार्मेझान चीज अस्सल इटालियन असेल, तर ते वासराच्या पोटातल्या रेनेटने बांधलेलं असतं. घरात माळकरी असेल तर कोणतं चीज वापरलंय ते विचारावं. आपल्याकडची बरीच हॉटेलं शाकाहारी रेनेटचं चीज वापरतात आणि विचारलं तर सांगतात. बिल आलं की ते पालथं घालून स्वतःकडे ओढावं, बाबांची बेरीज तुमच्या फोनपेक्षा जलद असते. आणि मूळ पद्धतीच्या तिरामिसूत कच्चं अंडं असतं, बऱ्याचदा दारूही असते. आबांच्या पुढे चमचा ठेवण्याआधी हे विचारून घ्यावं. त्यांनी "खवा चांगला आहे" म्हटल्यावर विचारून काही उपयोग नसतो.